मुलांच्या मेंदूच्या आजारात रक्त आणि पाठीतलं पाणी: सॅम्पल घेण्यापासून आकडा वाचण्यापर्यंत

मे महिन्यातल्या एका दुपारी जळगावच्या आमच्या लॅबमध्ये थर्मोकोलच्या डब्यातून सॅम्पलचे तीन बल्ब, म्हणजे नळ्या, आल्या. चार वर्षांचं मूल, ताप, झटके, दोन दिवसांपासून ग्लानी. पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) सकाळी दहाला काढलेलं, आमच्या टेबलावर आलं तीनला. बल्ब प्लेन, म्हणजे आत साखर टिकवणारं रसायन नसलेले, डब्यातला बर्फ वितळून गेलेला. साखर २४ आली, पेशी जवळजवळ नाहीत. सोबत रक्तातली साखर नव्हती. मेंदूची इजा पाहायला रक्तातलं एनएसई हे प्रथिन मागवलं होतं, पण त्याचं सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. पाण्यात पू होता, त्याच्या पेशींनी वाटेत साखर खाल्ली आणि मग त्या स्वतःही विरघळल्या, की साखर मुळातच कमी होती, हे कोणीच सांगू शकलं नाही. त्या लेकराची पाठ पुन्हा टोचावी लागली.

असं सॅम्पल महिन्यातून एकदा तरी येतं. मशीन नीट चालतं, केमिकलही नीट असतं. गडबड होते ती पलंगापासून लॅबच्या दारापर्यंतच्या वाटेत. म्हणून हा लेख तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरांसाठी, नव्या डॉक्टरांसाठी आणि कलेक्शन सेंटर चालवणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितो आहे. उपचार कोणता द्यायचा हे इथे नाही. सॅम्पल खरं बोलावं म्हणून काय करायचं, एवढंच आहे.

१. आधी ठरवा: प्रश्न कोणता?

मेंदूच्या तपासण्यांचे दोन गट आहेत आणि त्यांची गल्लत हीच पहिली चूक.

पहिला गट कारण शोधतो. पाठीतल्या पाण्यातली साखर, प्रोटीन, लॅक्टेट, पेशी, कल्चर, विषाणूंच्या तपासण्या. रक्तातली साखर, सोडियम, कॅल्शियम, अमोनिया. यातल्या बऱ्याच गोष्टींवर त्याच तासात उपचार बदलतो.

दुसरा गट इजा किती झाली ते सांगतो. मेंदूच्या पेशी फुटल्या की त्यांच्या आतली प्रथिनं पाण्यात आणि तिथून रक्तात उतरतात. एनएसई चेतापेशींमधून येतं. एस१००बी आणि जीएफएपी मुख्यतः चेतापेशींना आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशींमधून येतात. न्यूरोफिलामेंट लाइट चेन, म्हणजे एनएफएल, चेतापेशींच्या लांब तंतूंमधून येतं. पेशी फुटल्या, एवढंच ही प्रथिनं, म्हणजे इजेचे मार्कर, सांगतात. कशामुळे फुटल्या, ते ती सांगत नाहीत. मेंदूज्वर, अडकलेलं बाळंतपण, डोक्याला मार, लांबलेले झटके, कशातही ती वाढू शकतात.

म्हणून क्रम पक्का ठेवा: पहिला गट पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या गटासाठी एक थेंबही खर्च करू नका. लहान बाळाचं रक्त मोजकंच असतं. एनएसईसाठी दोन मिली गेलं आणि सोडियमला उरलं नाही, असं मी पाहिलं आहे.

सावधान: झटके चालू असलेल्या मुलाची साखर ग्लुकोमीटरवर लगेच पाहा आणि कमी असेल तर लगेच द्या. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही.

२. सामान आधी मांडा, मूल नंतर धरा

मूल धरून ठेवलं आहे, सुई आत आहे आणि कोणीतरी बल्ब शोधायला पळतंय, हे होता कामा नये. ट्रेमध्ये हे हवं:

रक्तासाठी प्लेन लाल बल्ब, रक्त गोठू न देणारा जांभळा ईडीटीए आणि साखर टिकवणारा करडा फ्लोराइड. अमोनिया पाहायचा असेल तर आणखी एक ईडीटीए, आधीच बर्फात ठेवलेला. पाठीतल्या पाण्यासाठी एक फ्लोराइड, दोन निर्जंतुक प्लेन, आणि इजेच्या मार्करसाठी किंवा विषाणूंसाठी एक पॉलिप्रॉपिलीनची झाकणाची ट्यूब. ही शेवटची ट्यूब काचेची किंवा साध्या कडक पारदर्शक प्लॅस्टिकची नको. टाऊसारखी काही प्रथिनं भिंतीला चिकटतात आणि आकडा खोटाच कमी येतो.

बल्बांवर पाण्याने न पुसणाऱ्या पेनाने नाव, क्रमांक आणि वेळेसाठी मोकळी जागा. उन्हाळ्यात घामाच्या हाताने शाईचं नाव पुसलं जातं, म्हणून चिकटपट्टीवर लिहून ती लावा.

तपासा: लॅबला फोन केला का? सेंट्रिफ्यूज चालू आहे का, लाइट कधी जाणार आहे, घ्यायला कोण येणार आहे, हे सुई टोचण्याआधी कळायला हवं.

३. आईबापांशी बोला

हा टप्पा घाईत गाळला जातो आणि मग सॅम्पलच मिळत नाही. आपल्याकडे ‘पाठीतलं पाणी काढलं की पोराचे पाय जातात’ ही भीती घरोघरी आहे. तिला रागावून उत्तर देऊ नका. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागात संपतो, सुई त्याच्या बरीच खाली जाते आणि शरीर ते पाणी पुन्हा तयार करतं, हे बोटाने पाठीवर दाखवून सांगा. अक्राणी-अक्कलकुव्याकडून आलेल्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबाला मराठीत पटापट सांगून सही घेणं म्हणजे संमती नव्हे. सोबत आलेल्या आशाताईंना बसवा, त्यांच्या तोंडून त्यांच्या बोलीत सांगू द्या.

याच वेळी एक प्रश्न विचारायचाच: पोऱ्याने शेवटचं कधी खाल्लं, दूध कधी प्यायलं? अहिराणी बोलणाऱ्या आजीला ‘कितला वाजता खाधं?’ असं विचारलंत तर नेमकं उत्तर मिळतं. ती वेळ फॉर्मवर लिहा. पुढे साखर वाचताना लागणार आहे.

४. रक्त पाण्याच्या आधी

पाठ टोचताना मूल रडतं, धडपडतं आणि त्या ताणाने रक्तातली साखर वर जाते. नंतर रक्त घेतलं तर पाण्यातली साखर तुलनेत खोटीच कमी दिसते. म्हणून जोडीचं रक्त एलपीच्या, म्हणजे पाठीतलं पाणी काढण्याच्या, लगेच आधी घ्यायचं. हे राहून गेलं तर निदान त्याच सुमाराला घ्या आणि वेळ स्पष्ट लिहा. चार तासांपूर्वीची साखर जोडीला चालत नाही.

ग्लुकोजचं सलाईन ज्या हाताला आहे, त्या हातातून रक्त घेऊ नका. दुसरा हात किंवा पाय निवडा.

आता हिमोलिसिसकडे, म्हणजे तांबड्या पेशी फुटण्याकडे, या, कारण एनएसईचं सगळं गणित इथेच बिघडतं. तांबड्या पेशी आणि प्लेटलेट यांच्यातही हेच एनएसई असतं. त्या फुटल्या की मेंदूला काहीही झालेलं नसताना आकडा वर जातो, आणि सिरम डोळ्याला गुलाबी दिसण्याआधीच हे घडू शकतं. तांबड्या पेशी फुटतात त्या अशा: बारीक सुईने पिस्टन जोरात ओढला की, त्वचेवरचं स्पिरिट वाळू दिलं नाही की, बाळाची टाच किंवा बोट पिळून रक्त काढलं की, सुई न काढता सिरिंजमधून बल्बच्या रबरावर जोरात मारलं की, आणि बल्ब ताकासारखा घुसळला की. शिरेतून रक्त आपोआप येऊ द्या, सुई काढा, बल्बच्या भिंतीवरून हळू सोडा, प्लेन सोडून बाकीचे बल्ब आठ-दहा वेळा अलगद उलटे-सुलटे करा.

भरण्याचा क्रम: कल्चर बाटली, मग प्लेन, मग ईडीटीए, शेवटी फ्लोराइड. एका बल्बमधलं रक्त दुसऱ्यात ओतायचं नाही. ईडीटीएचा थेंब प्लेनमध्ये गेला की कॅल्शियम खोटं कमी आणि पोटॅशियम खोटं जास्त येतं, आणि झटक्यांच्या मुलात ही दोन्ही चुकणं महागात पडतं.

लॅक्टेट आणि अमोनियासाठी टुर्निकेट (हाताला आवळायचा पट्टा) शक्यतो बांधूच नका. आवळलेल्या हाताचं, किंचाळणाऱ्या मुलाचं लॅक्टेट वाढलेलंच येतं. अमोनियाचा बल्ब बर्फात आणि प्लाझ्मा पंधरा मिनिटांत वेगळा. तशी सोय त्याच इमारतीत नसेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: अमोनियाचं सॅम्पल प्रवासाला पाठवू नका, मुलाला सोय असलेल्या ठिकाणी पाठवा.

सातपुड्याच्या पट्ट्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. नंदुरबार आणि चोपडा-यावलच्या डोंगराकडच्या गावांत सिकलसेल बरंच आढळतं. या मुलांच्या तांबड्या पेशी शरीरातच फुटत असतात, त्यामुळे रक्त कितीही काळजीने घेतलं तरी सिरम लालसर किंवा पिवळट येऊ शकतं आणि एनएसईवर विश्वास ठेवता येत नाही. याच मुलांना लहान वयात पक्षाघाताचाही धोका असतो, म्हणून प्रश्न खरा असतो आणि उत्तर भलत्या बल्बमधून शोधलं जातं. फॉर्मवर ‘सिकलसेल’ मोठ्या अक्षरात लिहा. इजेचा मार्कर हवाच असेल तर जीएफएपी किंवा एनएफएल करणाऱ्या मोठ्या लॅबला विचारा.

५. पाठीतलं पाणी

एलपी करावी की नाही, हा डॉक्टरांचा निर्णय. तरी सिस्टरांनीही या गोष्टी दिसल्या तर थांबवायला कचरू नये: बाहुल्या असमान, मूल खोल बेशुद्धीत जात आहे, नाडी मंद आणि रक्तदाब चढता, मूल शॉकमध्ये आहे, प्लेटलेट फार कमी आहेत, किंवा सुईच्या जागी त्वचेवर फोड आहे. एलपी लांबली म्हणून अँटिबायोटिक लांबवायचं नाही. ब्लड कल्चर घ्या, पहिला डोस द्या, पाणी नंतर काढता येईल. डोस आधी दिला असेल तर त्याची वेळ लिहा, कारण काही जंतू पाण्यातून दोन-चार तासांतच नाहीसे होतात. कल्चर कोरं आलं तरी पेशी, साखर आणि प्रोटीन बराच काळ बदललेले राहतात.

धरणाऱ्याने कंबर आणि गुडघे वाकवावेत, मान दाबू नये. तान्ह्या बाळाचा श्वास याच गडबडीत अडतो. एका माणसाची नजर बाळाच्या रंगावरच हवी.

पाणी ओढायचं नाही, थेंब-थेंब पडू द्यायचं. वीस थेंब म्हणजे साधारण एक मिली. मी सांगतो तो क्रम असा:

पहिला बल्ब फ्लोराइड, दहा-पंधरा थेंब, साखर आणि लॅक्टेटसाठी. दुसरा निर्जंतुक, वीस थेंब, कल्चरसाठी. पहिल्या थेंबांत त्वचेवरचे जंतू येऊ शकतात म्हणून कल्चर पहिल्यात नको. तिसरा पेशी आणि प्रोटीनसाठी. चौथी पॉलिप्रॉपिलीनची ट्यूब विषाणूंच्या तपासणीला किंवा मार्करला. सुईने लागलेलं रक्त तोवर कमी झालेलं असतं.

बल्बांवर १, २, ३, ४ लिहा. पाणी पहिल्यात लाल आणि चौथ्यात स्वच्छ असेल तर रक्त सुईमुळे आलं. चारही सारखेच लाल असतील तर मेंदूभोवतीचा रक्तस्राव मनात आणायला हवा. आकडे घातलेले नसले तर हा भेद कायमचा जातो.

तपासा: चारही बल्बांची झाकणं घट्ट, क्रमांक घातलेले, वेळ लिहिलेली. मगच बाळाला आईजवळ द्या.

६. पहिला तास

पेशींचा बल्ब सगळ्यात घाईचा. पाठीतल्या पाण्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी खोलीच्या तापमानाला तासाभरात सुमारे एक तृतीयांश आणि दोन तासांत निम्म्या विरघळू शकतात. आपल्याकडे पारा ४५च्या आसपास असताना खोलीचं तापमान म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. जवळ मायक्रोस्कोप आणि मोजणीची काच असेल तर पेशी तिथेच मोजा, स्लाइड करून सुकवून सोबत पाठवा. सुकलेली स्लाइड प्रवासात टिकते, पेशी टिकत नाहीत.

प्लेन रक्त अर्धा तास उभं ठेवून गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवा, सिरम लगेच दुसऱ्या ट्यूबमध्ये काढा. सुई टोचल्यापासून सिरम वेगळं होईपर्यंत एका तासाच्या आत. एनएसईसाठी या अटीत सूट नाही. घाईत अर्धवट गोठलेलं रक्त फिरवू नका आणि सिरम ओढताना गाठीला टोक लावू नका. सेंट्रिफ्यूज नसेल तर अख्खं रक्त फ्रिजमध्ये टाकून संध्याकाळपर्यंत ठेवायचं नाही. अशा सॅम्पलवरचं एनएसई मागवूच नये, पैसे घरच्यांचे जातात.

फ्लोराइडबद्दलही एक समज काढून टाका. करड्या बल्बमध्ये साखर लगेच थिजत नाही, पहिल्या तास-दोन तासांत थोडी घसरतेच. त्यामुळे तोही लवकरच पोचवा.

७. डबा आणि रस्ता

धडगावहून चांदसैली घाट उतरून येणारं सॅम्पल असो की रावेरहून जळगावला येणारं, डबा भरायचा तो बल्बागणिक.

कल्चरचा बल्ब थंडीत ठेवायचा नाही. मेंदूज्वराचे काही जंतू, विशेषतः मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस, फ्रिजच्या थंडीत मरतात. तो वेगळ्या पिशवीत, सावलीत, अंगाजवळ धरून आणला तरी चालेल. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र नाही. विषाणूंसाठीची ट्यूब, वेगळं केलेलं सिरम आणि मार्करची ट्यूब जेल पॅकसोबत २ ते ८ अंशांत. बल्ब आणि जेल पॅक यांच्यामध्ये कापड किंवा कागद ठेवा. गोठलेल्या पॅकला थेट टेकलेलं न फिरवलेलं रक्त हिमोलाइज होतं. लसीची पेटी मिळत असेल तर थर्मोकोलपेक्षा ती कितीतरी बरी. मार्करचं सिरम गोठवलं असेल तर वाटेत वितळून पुन्हा गोठवलं जाणार नाही, याची खात्री करा.

ताप आणि शुद्ध हरपणं किंवा नवे झटके, म्हणजे ॲक्युट एन्सिफलायटिस सिंड्रोम असेल तर जिल्हा आरोग्य विभागाला कळवा आणि सॅम्पल त्यांच्या मार्गाने पाठवा. जपानी मेंदूज्वराची आयजीएम (प्रतिपिंडांची) तपासणी पाण्यात आणि सिरममध्ये होते; पहिल्या काही दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून दहाव्या दिवसाच्या सुमाराला दुसरं सिरम घ्या. चांदीपुरा विषाणूचा संशय असेल, आणि २०२४ साली शेजारच्या गुजरातमध्ये साथ आल्यावर नंदुरबारकरांनी तो मनात ठेवायलाच हवा, तर थंड साखळी तुटता कामा नये. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत ही तपासणी होते. या आजारात पाण्यातल्या पेशी अनेकदा नॉर्मल असतात, त्यामुळे ‘पाणी स्वच्छ आलं, काही नाही’ म्हणून ट्यूब फेकून देऊ नका.

८. फॉर्मवर लिहायच्या पाच वेळा

आजार किंवा मार कधी सुरू झाला. शेवटचं खाणं कधी. रक्त कधी घेतलं. पाणी कधी काढलं. सिरम कधी वेगळं केलं. सोबत मुलाचं वय, नवजात असेल तर दिवसांत आणि किती आठवड्यांचं जन्मलं ते. शेवटचा झटका कधी, हेही लिहिलंत तर लॅबवाला तुमचा ऋणी राहील.

९. आकडा वाचताना

साखर आधी. पाण्यातली साखर रक्ताच्या साधारण दोन तृतीयांश असते. प्रमाण ०.४ च्या खाली, लॅक्टेट ३.५ मिलिमोलच्या वर आणि न्यूट्रोफिल वाढलेले, तर जंतूंचा मेंदूज्वर डोळ्यांसमोर येतो. पण साखर कमी, लॅक्टेट कमी किंवा नॉर्मल, पेशी नॉर्मल, आणि मूल झटक्यांचं, विशेषतः उपाशीपोटी वाढणाऱ्या झटक्यांचं असेल, तर रक्तातून मेंदूत साखर नेणाऱ्या ग्लूट-१ या वाहकाचा दोष शोधायला हवा. हा आजार सापडला तर भरपूर चरबीच्या कीटोजेनिक आहाराने झटके आवरतात, म्हणून तो हुकू देऊ नये. त्यासाठी पाणी चार ते सहा तास उपाशी ठेवून काढतात. आजारी, ग्लानीतल्या मुलाला मात्र त्यासाठी उपाशी ठेवायचं नाही.

प्रोटीन वयाप्रमाणे वाचा. नवजात बाळात १०० मिग्रॅपर्यंत किंवा थोडं वरही नॉर्मल असू शकतं, दोन-तीन महिन्यांत ते उतरतं. सुईचं रक्त मिसळलं असेल तर दर १००० तांबड्या पेशींमागे सुमारे १ मिग्रॅ प्रोटीन आणि ५०० ते १००० तांबड्या पेशींमागे एक पांढरी पेशी वजा करून पाहतात. हा अंदाज आहे, त्यावर अँटिबायोटिक थांबवू नका.

आता इजेचे मार्कर. इथे वेळ कळली नाही तर आकडा वाचताच येत नाही. एस१००बी रक्तातून एक-दोन तासांत निम्मं होतं. दुसऱ्या दिवशी घेतलेलं नॉर्मल एस१००बी ‘इजा नव्हती’ असं म्हणत नाही. जीएफएपी साधारण पहिल्या दिवसभरात शिखर गाठतं. एनएसई निम्मं व्हायला सुमारे एक दिवस घेतं, म्हणून त्याचा एकच आकडा पाहण्यापेक्षा चढतोय की उतरतोय ते पाहायचं. एनएफएल सावकाश, दिवसा-आठवड्यांनी चढतं आणि महिनोन्‌महिने राहू शकतं. पहिल्या दिवशी नॉर्मल आलं तर त्यात दिलासा शोधू नका.

सावधान: मोठ्या माणसांच्या मर्यादा मुलांना लावू नका. हृदय बंद पडून परत चालू झालेल्या प्रौढांमध्ये ४८ आणि ७२ तासांना एनएसई ६० च्या वर असणं वाईट लक्षण मानतात. तो आकडा रिपोर्टवर छापलेला असला तरी जन्मताना घुसमटलेल्या बाळासाठी नाही. एस१००बी तान्ह्या मुलांत मुळातच जास्त असतं आणि डाउन सिंड्रोममध्येही वाढलेलं असतं. ते चरबीतूनही येतं, म्हणून आंब्याच्या झाडावरून पडलेल्या, मांडीचं हाड मोडलेल्या पोराचं एस१००बी डोक्याला मार नसतानाही वाढू शकतं. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ (चेतापेशींतलं आणखी एक प्रथिन) यांच्या जोडीला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली ती अठरा वर्षांवरच्या माणसांसाठी. आणि एनएसई खूप वाढलेलं, मेंदूचा एमआरआय स्वच्छ, मुलाचे डोळे मात्र सतत भिरभिरताहेत, अंग थरथरतंय, तर पोटाची सोनोग्राफी सांगा. न्यूरोब्लास्टोमा ही मुलांमधली गाठही एनएसई वाढवते.

एका मार्करच्या आकड्यावर आईला ‘मूल बरं होणार नाही’ असं कोणीही सांगू नये. ईईजी, एमआरआय आणि रोजची तपासणी यांच्यासोबत ठेवला तरच तो आकडा काही बोलतो.

१०. दुसरं सॅम्पल

एनएसई पुन्हा करायचं असेल तर २४, ४८ आणि ७२ तासांना, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पहिलं जळगावला आणि दुसरं मुंबईला केलं तर चढ-उतार मुलाचा की किटचा, ते कळणार नाही. प्रत्येक वेळी लॅबला सिरमचा हिमोलिसिस इंडेक्स रिपोर्टवर लिहायला सांगा. तो नसेल तर निदान ‘सिरम स्वच्छ’ की ‘गुलाबी’ एवढं तरी मागून घ्या. उरलेलं सिरम आणि पाणी नावानिशी, वेळेनिशी गोठवून ठेवायला सांगा. आठ दिवसांनी नवी शंका आली, तर पाठ पुन्हा न टोचता तेच काढता येतं.